उरलेल्या भाकरी

देवळात नोकरी केली असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे पुजारी होतात का?" मी ख्रिस्ती असल्याचं कळलं की आणखी गोंधळतात. आम्ही नाशिकचे जुने ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. मी तिथं पाद्री नव्हतो, शिपाई नव्हतो आणि रखवालदारही नव्हतो, पण या तिघांचंही थोडं थोडं काम माझ्याकडे होतं. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, लग्नाला सतरंजी काढायची, मयताला काळं कापड काढायचं, नोंदवही लिहायची आणि उपासनेत सगळ्यांना वाटायची ती प्रभुभोजनाची भाकर करायची. कागदावर माझं पद 'सेवक' असं होतं. गावात मला घंटेवाले शांतवन म्हणत, आणि तेच मला जास्त आवडायचं.

घंटेचं कौतुक ख्रिस्ती लोकांपेक्षा आजूबाजूच्या मळेवाल्यांना जास्त. मखमलाबादचे एक बाळूभाऊ दर शनिवारी देवळाला शेवंती आणून द्यायचे. ते म्हणायचे, तुमची पहिली घंटा झाली की आम्ही मोटर बंद करतो आणि दुसरीला भाकरी खायला बसतो. एकदा मला हिवताप आला आणि घंटा वाजली नाही. सोमवारी बाळूभाऊ तब्येत विचारायला आले, पण आधी भरपूर ओरडून घेतलं, कारण त्यांच्या फुलकोबीच्या वाफ्यात गुडघाभर पाणी झालं होतं.

पण आज लिहायचं आहे ते घंटेबद्दल नाही, भाकरीबद्दल. या भाकरीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती वर्षानुवर्षं होत राहिली. संपादकांनी "तुमच्या कामाविषयी काही तरी लिहा" म्हटल्यावर पहिली तीच आठवली.

आमच्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मराठीत भाकर म्हणजे चुलीवरची ज्वारीची नव्हे. मैदा आणि पाणी, बस. मीठ नाही, खमीर नाही. लांब दांड्यांचा एक लोखंडी साचा होता, चिमट्यासारखा. कुठल्या गोऱ्या साहेबानं कधी आणून ठेवला देव जाणे. तो शेगडीवर तापवायचा, पळीभर पातळ पीठ ओतायचं, दाबायचं. कागदासारखी पातळ पापडी निघते. मग पितळी ठशानं रुपयाएवढ्या चकत्या पाडायच्या. शुक्रवारी दुपारी हे काम. उरलेली कातरण माझी बायको मार्था तिखटमीठ लावून चहाबरोबर द्यायची. भाकरीबरोबरच्या द्राक्षरसाचं कामही तिच्याकडेच होतं. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. नाशिकला मनुकांचा काय तोटा.

चकत्या झाल्या तरी ती अजून नुसती मैद्याची पापडी असते. रविवारी पाद्री मेजावर प्रार्थना करतात, त्यानंतर तिची गोष्ट बदलते, ती प्रभूचं शरीर मानली जाते. मग ती टाकता येत नाही, चिमण्यांना घालता येत नाही, पुढच्या रविवारसाठी डब्यात ठेवायची आमच्याकडे रीत नाही. जी उरेल ती पाद्र्यांनी उपासना संपल्यावर तिथंच, मेजापाशी, खाऊन संपवायची. म्हणून भाकर मोजून मांडावी लागते. उपासनेच्या मधोमध एक गायन असतं. ते चालू असताना मी मागच्या दारापाशी उभा राहून भाकर घेणारी माणसं मोजायचो, आकडा चिठ्ठीवर लिहायचो आणि चिठ्ठी पाद्र्यांना नेऊन द्यायचो. तेवढ्याच चकत्या ते ताटलीत काढायचे. तोच आकडा मी नंतर नोंदवहीत लिहायचो आणि त्याखाली पाद्री सही करायचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एकदा कमी मोजलं. तेव्हाचे पवार पाद्री शेवटच्या रांगेशी आले तर ताटली रिकामी. त्यांनी स्वतःच्या चकतीचे तुकडे करून म्हाताऱ्यांना दिले. त्या दिवशी ठरवलं, भाकर जास्त झाली तर होऊ दे, कमी कधी पडू द्यायची नाही.

तेव्हा देऊळ भरलेलं असायचं. कुठल्या बाकावर कोण बसणार हे ठरलेलं. बाकांवर नावं नव्हती, पण शहाणा माणूस दुसऱ्याच्या बाकावर बसत नसे. दुसऱ्या बाकावर आढाव. आढाव मास्तर, त्यांची बायको रूथबाई, दोन मुलगे आणि मुलगी, असे पाच. चौथ्यावर कदमांचे सहा. मी मोजायचो ते असं, बाकानं. डोकी मोजायची गरज नव्हती. दुसरं बाक पाच, चौथं सहा, असा पाढाच पाठ झाला होता. गायनाची तीन कडवी संपेपर्यंत माझी बेरीज तयार.

ती उपासनाही तशीच पाठ होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या, म्हणजे देवळांचे समाज, एकत्र आल्या, पण आमच्याकडे कित्येक वर्षं काही बदललं नाही. जुनं प्रार्थनापुस्तक, जुनी चाल. मेज भिंतीला टेकलेलं आणि पाद्री आमच्याकडे पाठ करून उभे. पवार पाद्र्यांचा चेहरा मी जेवढा पाहिला असेल त्याच्या दसपट त्यांची पाठ पाहिली. पांढऱ्या झग्याला मानेशी एक रफू होता, तो मला अजून दिसतो. लोकांनी केव्हा उठायचं, केव्हा गुडघे टेकायचे, कोणाला सांगावं लागत नसे. मला ते फार आवडायचं. माणूस रडत आला काय, भांडून आला काय, अर्ध्या तासात सगळ्यांचा श्वास एका तालावर यायचा.

मग लोक कमी होऊ लागले. एकदम नाही, नाही तर माझ्याही लक्षात आलं असतं. कोणी पुण्याला गेलं, कोणी मुंबईला, कोणी ओझरच्या विमान कारखान्यात लागलं आणि तिकडेच राहिलं. वीजटंचाईनं कारखान्यांच्या सुट्ट्या वारावारांत वाटल्या, तेव्हा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांचा रविवारच गेला. काही तरुण मंडळी द्वारका चौकाजवळच्या एका गाळ्यात टाळ्या वाजवून प्रार्थना करायला जाऊ लागली. तिथं पुस्तक नव्हतं, गुडघे टेकणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही नव्हता.

आढाव मास्तर वारले. मी स्वतः त्यांच्यासाठी घंटा वाजवली. थोरला मुलगा पुण्याला, मुलगी लग्न होऊन नगरला. धाकट्या योसेफचं विचारलं की रूथबाई म्हणायच्या, "तो मुंबईला हाय. मोठ्या कामावर हाय." रूथबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, अर्ध्या मंडळीची बाळंतपणं त्यांनी केलेली, त्यामुळे त्यांना उलट विचारायची कोणाची टाप नव्हती. दुसऱ्या बाकावर आता त्या एकट्या बसायच्या. डाव्या बाजूला आपली काळी पर्स ठेवायच्या आणि कोणी बसायला आलं की म्हणायच्या, "जागा हाय ती." म्हणजे कोणासाठी तरी राखलेली. पाहुणी बाई ओशाळून मागच्या बाकावर जायची.

आणि मी मोजायचो, दुसरं बाक पाच.

तुम्ही म्हणाल, डोळे होते ना? होते. पण वीस वर्षं रोज त्याच जिन्यावरून उतरणारा माणूस पायऱ्या बघतो का? भाकरी उरतात हे मला दिसत होतं. उपासना झाल्यावर पवार पाद्र्यांच्या द्राक्षरसाच्या चषकात धुवायचं पाणी मीच ओतायचो. ते पाठ करून उभे असायचे आणि सावकाश एकेक चकती तोंडात टाकायचे. आधी सात-आठ उरायच्या, मग वीस, मग चाळीसही. मला वाटायचं, आज चार माणसं आली नसतील. पवारबाई एकदा मार्थाला म्हणाल्या की हे रविवारी दुपारी जेवतच नाहीत, भूक नाही म्हणतात. आम्ही दोघं त्यावर हसलो. मला शरम वाटायला हवी होती ती तिथं वाटली नाही, पुष्कळ नंतर वाटली.

पवार पाद्री निवृत्त होऊन सिन्नरला लेकीकडे गेले आणि त्यांच्या जागी थोरात साहेब आले. वय तिशीच्या आसपास, स्कूटर, पायात चपला आणि खांद्याला गिटार. बाजाची पेटी उंदरांनी कुरतडली होती, तिचा भाता आम्ही तीनदा शिवला होता. साहेब म्हणाले, राहू द्या तिला, तिनं पुष्कळ सेवा केली. कॉलेजातल्या दोन मुली गिटारवर गाऊ लागल्या. प्रार्थनापुस्तकं कपाटात गेली आणि नव्या उपासनेचे चक्रमुद्रित कागद आले. एक उतारा कोणीही वाचायचा, एक प्रार्थना कोणीही करायची. मी मार्थाला म्हणालो, ज्याला त्याला उपासना चालवता येते तर पाद्री कशाला हवा? ती म्हणाली, ज्याला त्याला भाकर करता येते, तरी तुम्ही आहातच की.

मग साहेबांनी मेजाचा विषय काढला. सागवानी मेज भिंतीपासून पुढं ओढायचं आणि ते मेजामागं, लोकांकडे तोंड करून उभे राहणार. मी म्हणालो, "साहेब, मग तुमची पाठ देवाकडे होईल."

"देव भिंतीत आहे का, काका?"

मला जास्तच राग आला. चार जणांनी मेज हलवलं. फरशीवर जुन्या जागेचा चौकोन उमटला होता, बाकीच्या फरशीहून लाल. मी तो पुसायच्या निमित्तानं बराच वेळ तिथं बसलो.

पुढच्या रविवारी साहेब पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून उभे राहिले. मी मागे दारापाशी उभा राहिलो, गायन झालं, माझा पाढा झाला, चिठ्ठी नेऊन दिली. चिठ्ठीवर ब्याण्णव. साहेबांनी चिठ्ठी वाचली, मान वर करून बाकांकडे पाहिलं, परत चिठ्ठी पाहिली. मग ब्याण्णव चकत्या काढल्या.

उपासना संपल्यावर पाद्री झगा काढतात त्या बाजूच्या खोलीत त्यांनी ताटली माझ्यासमोर ठेवली. "काका, एकोणचाळीस माणसं आली. त्रेपन्न उरल्या. या कोणाच्या?"

मी म्हणालो, आढावांच्या, कदमांच्या. त्यांनी विचारलं, आढावांचे आज कोण कोण आले होते? मी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे काळी पर्स आली. साहेब रागावले नाहीत. खुर्चीवर बसले आणि त्रेपन्न चकत्या खाऊ लागले. मध्येच पाणी मागितलं. म्हणाले, "पुढच्या रविवारी दारात नको. बाकांपाशी चालत जा आणि चेहरे बघून मोजा."

वीस वर्षांच्या नोकरीनंतर मोजायला शिकवतात, म्हणून मी आठवडाभर घुमा होतो. पण रविवारी गेलो. कदमांच्या बाकावर चिटपाखरू नव्हतं. त्या बाकाच्या पाठीवर धाकट्या कदमानं लहानपणी खिळ्यानं नाव कोरलं होतं, म्हणून मी त्याला बदडलं होतं. तेवढं नाव उरलं होतं. अडतीस माणसं भरली. त्या दिवशी कळलं, जे मला भरलेलं देऊळ वाटत होतं ते माझ्या डोक्यात होतं, बाहेर नव्हतं. नोंदवहीत नव्वदांच्या रांगेखाली अडतीस लिहिलं, पुढच्या रविवारी एक्केचाळीस, त्यापुढे छत्तीस.

आता माझ्या हातून झालेली दुसरी गोष्ट. मेज हलवल्यावर मंडळीतल्या जुन्या लोकांनी वरच्या कार्यालयाकडे तक्रार केली होती, की नव्या पाद्र्यांनी गिटार आणून आणि मेज हलवून उपासनेची रया घालवली. पहिली सही रूथबाईंची, चौथी माझी. चिठ्ठीचा प्रकार उघडकीला यायच्या आधीची ही सही. नंतर मी ती विसरलो असं म्हणणार नाही. आठवत होती, पण परत मागायला गेलो नाही.

महिन्याभरानं वरून तिघे जण आले. आठवड्यातला मधला वार होता, देवळात कोणी नव्हतं. साहेब, मी आणि ते तिघे, बाजूच्या खोलीत. मी चहा आणला. त्यांतले वडीलधारे होते त्यांनी नोंदवही उघडली आणि बोट ठेवून खाली आणलं. म्हणाले, तुमची मंडळी किती वर्षं भक्कम होती, आणि थोरातांनी मेज हलवल्यापासून एका महिन्यात निम्म्याहून जास्त लोक गेले. आकडेच सांगताहेत. थोरात, तुम्हाला इथून हलवावं लागेल. या देवळाला जुन्या वळणाचा पाद्री देऊ, म्हणजे लोक परत येतील.

मी कपबशा हातात धरून उभा होतो. मला हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. मेज भिंतीला जाईल, प्रार्थनापुस्तकं कपाटातून बाहेर येतील, मानेशी रफू केलेल्या झग्यातलं कोणी तरी पुन्हा पाठ करून उभं राहील. मला काहीच करायचं नव्हतं, गप्प राहायचं होतं. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या बायकोला नुकतीच इथल्या शाळेत नोकरी लागली होती. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते, पण ते वाक्य माझ्याबद्दलचं होतं. ते चहात साखर ढवळत बसले. साखर केव्हाच विरघळली होती.

मी कपबशा खाली ठेवल्या आणि त्या वडीलधाऱ्यांकडे वळलो. म्हणालो, "साहेब, लोक या महिन्यात गेलेले नाहीत. दहा-बारा वर्षं जाताहेत. मी बाकं मोजत होतो, माणसं नाही."

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. पाढा सांगितला, आढावांचे पाच सांगितले, आढाव मास्तरांसाठी घंटा वाजवून पुन्हा त्यांची भाकर मांडत होतो तेही सांगितलं. तक्रारीवर माझी सही आहे आणि ती मी मागे घेतो असंही म्हणालो. वडीलधाऱ्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी नोंदवही मिटली.

नंतर झालं ते सरळ हिशेबानं झालं. पाद्री थोडे, देवळं पुष्कळ. ज्या देवळात चाळीसच माणसं येतात त्याला स्वतःचा पाद्री देता येत नाही. थोरात साहेबांना नाशिकरोडच्या देवळाला जोडलं, राहायचं तिकडेच, आणि आमच्याकडे ते एक रविवार सोडून येणार. म्हणजे खरं बोलून मी साहेबांना वाचवलं की नाही हे मला आजही नीट सांगता येत नाही. देवळाचा पाद्री मात्र घालवला. मंडळीतल्या काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं. रूथबाईंनी घरी बोलावून एवढंच विचारलं, "माझ्या बाकावर पाच मोजत व्हता तुमी?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मोजायचं व्हतं तसंच. कोणाचं काय जात व्हतं?"

ज्या रविवारी साहेब नसत त्या रविवारी उपासना कोणी चालवायची हा प्रश्न आला. नव्या पद्धतीत कोणीही चालवू शकत होतं. पुढे कोणी येईना, म्हणून शेवटी मीच उभा राहिलो. प्रार्थना मी चालवल्या आणि कॉलेजातल्या मुलींनी गिटार वाजवली. मार्था पहिल्या बाकावर बसून हसू दाबत होती. भाकर मात्र त्या रविवारी नसायची, ती पाद्र्यांशिवाय होत नाही. घंटा वाजवून भाकरीशिवाय लोकांना घरी पाठवताना मला पंगतीतून उपाशी उठवल्यासारखं वाटायचं.

हे मनाला लागलं होतं म्हणून एक दिवस द्वारकेवर जाऊन सिन्नरची एसटी धरली. पवार पाद्री लेकीच्या ओसरीत आरामखुर्चीवर होते, बरेच थकलेले. मी म्हणालो, मला एक कबूल करायचं आहे. सगळं सांगून झालं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ठाऊक होतं."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"तू भाकर मांडलेली असायची. तिला माणूस नाही असं माझ्यानं म्हणवेना. मी नाव घेऊन खायचो. ही योसेफची, ही कदमांच्या शमुवेलची. मग सोमवारी त्यांना एकेक कार्ड टाकायचो." मग म्हणाले, "सही तर मी पण केली ना. चूक दोघांची."

त्यांच्या लेकीनं आतून एक बिस्किटांचा डबा आणला. त्यात आलेली उत्तरं होती, सुतळीनं बांधलेली. पवार पाद्र्यांनी विचारलं, "योसेफला मूल झालं का रे? तू तर तिकडेच असतोस." मी म्हणालो, तो मुंबईला आहे. त्यांनी डब्यातलं त्याचं कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. योसेफ सहा वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता. आमच्या घंटेपासून फार तर दोन बस. त्यानं सुजाता नावाच्या मुलीशी लग्न केलं होतं. ती बौद्ध घरातली, शाळेत शिक्षिका. लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं, देवळात नाही, आणि त्या दिवसापासून रूथबाईंनी त्याला नुसत्या बोलण्यात मुंबईला पाठवून दिला होता.

इतकी वर्षं मी त्या पोराची भाकर मांडत होतो आणि तो कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. खाणाऱ्याला माहीत होतं. परतीच्या एसटीत मला याचं इतकं वाईट वाटलं की शेजारच्या माणसानं विचारलं, कोणी गेलं का घरातलं.

डबा मी मागून आणला आणि नाशिकरोडला थोरात साहेबांच्या पुढं ठेवला. त्यांनी एकलहऱ्याची कार्डं वेगळी काढली. योसेफ आणि चौथ्या बाकावरचा शमुवेल कदम, दोघंही वीज केंद्राच्या वसाहतीतच. दोघांची सुट्टी मंगळवारी. साहेब म्हणाले, "आपण मंगळवारी जाऊ. काका, भाकर किती?" मी म्हणालो, तिथं गेल्यावर चेहरे बघून सांगेन.

रूथबाईंना मी फक्त निरोप दिला, की मंगळवारी एकलहऱ्याला योसेफकडे भाकर घेऊन जातोय. त्यांनी दार लावून घेतलं. मंगळवारी सकाळी मी आणि मार्था निघालो तर त्या फाटकापाशी उभ्या होत्या. नेसूची पांढरी साडी, हातात काळी पर्स.

योसेफच्या क्वार्टरची पुढची खोली लहान होती. सुजातानं टीपॉयवर स्वच्छ धुतलेली चादर घातली होती. एका भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दुसरीवर आढाव मास्तरांचा. योसेफनं आईला पाहिलं आणि दारातच थांबला. तीही थांबली. मग तिनं त्याच्या शर्टाच्या कॉलरवरचा कोळशाचा कण बोटानं झटकला आणि आत आली. शमुवेल कदम, त्याची बायको आणि नाशिकरोडहून स्कूटरवर आलेले थोरात साहेब आधीच सतरंजीवर बसले होते. एके काळी या असल्या उपासनेला मी नाक मुरडलं असतं. सतरंजी, स्टीलची ताटली, मेज म्हणून टीपॉय आणि खिडकीतून धुराडी दिसताहेत. त्या दिवशी मला कशाचीच अडचण वाटली नाही.

रूथबाई सतरंजीच्या कडेला बसल्या आणि सवयीनं पर्स डाव्या बाजूला ठेवली. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती भाकर घेणार नव्हती, पण तिला बसायचं होतं. तिनं हळूच विचारलं, "मी कुठं बसू?" योसेफनं मान खाली घातली. मी रूथबाईंकडे पाहिलं.

रूथबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. म्हणाल्या, "ये. जागा हाय."

गायनाला मला मोजायचं होतं. मी उभा राहिलो आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. रूथबाई, योसेफ, शमुवेल, त्याची बायको, मार्था, साहेब आणि मी. डोळे भरले होते म्हणून दोनदा मोजलं. सात म्हणून सांगितलं आणि साहेबांनी सात काढल्या.

उपासना संपल्यावर चषक धुवायला मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं गेलो. साहेबांनी ताटली माझ्याकडे वळवली. तिच्यात काही उरलं नव्हतं. मग सुजातानं जेवायला वाढलं, आणि थोरात साहेब पोटभर जेवले.